पाण्याची वही कोणाकडे?

पावसाविषयी मत देण्याचा हक्क आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाला आहे. मृग लागला की एस.टी.च्या थांब्यावर, जिनिंगच्या आवारात, महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये पावसाशिवाय दुसरा विषय नसतो. कोणी त्याला ‘पेरणीजोगा’ म्हणतो, कोणी ‘नुसता शिडकावा’, तर कोणी ‘झोडपून काढले’ म्हणतो. शेतकऱ्याला एवढ्या शब्दांत सारे कळते. सरकारला मात्र कळत नाही. सरकारला आकडा लागतो. आणि आकडा आला की तो कोठे मोजला, कशाने मोजला, किती वाजता मोजला आणि कोणत्या वहीत लिहिला, हे सारे प्रश्न ओघानेच येतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पऱ्हाटी आणि सोयाबीन आहे. मदतीच्या यादीत शेजारचे गाव आले आणि आपले राहिले, ही तक्रार दरवर्षी कोठे ना कोठे ऐकू येते. त्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा पावसात नसून पावसाच्या मोजणीत असते. म्हणून यवतमाळ जिल्ह्यात पाणी कसे मोजले जाते, याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘अतिवृष्टी’ हा शब्द घेऊ. बोलण्यात आपण तो सढळ हाताने वापरतो, पण महसूल खात्याच्या लेखी त्याला नेमका अर्थ आहे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे मानतात. त्यानंतर पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे पंचनाम्यात दिसले, तर शेतकरी मदतीस पात्र ठरतो. पंचनामा करणारे तिघे : तलाठी (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक. हवामान खात्याची प्रतवारी थोडी वेगळी आहे. तेथे ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मानतात. मात्र शेतकऱ्याच्या कपाळी जो आकडा आला आहे तो ६५ चा.

हे ६५ मिलिमीटर म्हणजे किती पाणी? एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी होते. त्या हिशेबाने ६५ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी ६५० घनमीटर, साडेसहा लाख लिटर. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर एका हेक्टरावर एका दिवसात पासष्ट टँकर रिते केल्यासारखे झाले. काळी कपाशीची जमीन कोरडी असताना भेगांतून पाणी पटापट पिते. पण एकदा ती फुगली आणि भेगा मिटल्या की वरचे पाणी आत शिरत नाही. ते साचते, मुळांना हवा मिळत नाही, आणि दोन दिवसांत पऱ्हाटी माना टाकते. म्हणून ६५ ही रेघ अगदीच मनाने ओढलेली नाही. अडचण येते ती रेघेच्या अलीकडच्या माणसाची. ६२ मिलिमीटरने सडलेले सोयाबीन ६६ मिलिमीटरने सडलेल्या सोयाबीनहून काही वेगळे दिसत नाही.

आता मोजणीचे साधन पाहू. जुन्या तहसील कचेऱ्यांच्या आवारात तारेच्या कुंपणात एक नळकांडे उभे असते. जाता-येता आपण ते पाहतो आणि विसरतो. ते सायमन्सचे पर्जन्यमापक. जी. जे. सायमन्स या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गृहस्थाने आयुष्यभर पाऊस मोजला आणि इतरांना मोजायला लावला. त्याचे नाव या नळकांड्याला चिकटले. तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच. आत नरसाळे, नरसाळ्याखाली बाटली. बाटलीतले पाणी खुणा केलेल्या काचेच्या मापात ओतायचे आणि आकडा वाचायचा. इतके सोपे साधन, पण त्याचे पथ्य कडक आहे. तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर व अगदी समपातळीत हवे. जवळ झाड किंवा इमारत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडले पाहिजे. दहा मीटर उंचीच्या कडुनिंबाशेजारी पाच मीटरवर मापक उभे केले, तर त्यात पडते ते कडुनिंबाने गाळलेले पाणी. पूर्वी लावलेले रोप पुढे वृक्ष झाले आणि मापक जागच्या जागी राहिले, असेही घडू शकते.

गेल्या काही वर्षांत यात मोठा बदल झाला. ‘महावेध’ या योजनेखाली २०१७ पासून राज्यभर, खासगी संस्थेच्या सहभागाने, महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे झाली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी आपोआप होते. या यंत्रात पाऊस मोजण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. नरसाळ्याखाली झोक्यासारख्या एका दांडीवर दोन लहान वाट्या असतात. एक भरली की दांडी कलते, ती रिकामी होते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. प्रत्येक कलण्याला ठरावीक अंश मिलिमीटर धरून यंत्र मोजत जाते. रात्री कोणी जागे राहण्याची गरज नाही. दोष एवढाच, की पाऊस फार जोराचा असला म्हणजे वाटी कलत असतानाही धार चालूच असते. ते पाणी हिशेबात येत नाही, आणि यंत्र थोडे कमी दाखवते. म्हणजे ज्या पावसासाठी यंत्राची खरी गरज, त्याच पावसात त्याची कसोटी लागते. शिवाय नरसाळ्यात पाला अडकला, पाखराने काडी आणून ठेवली, की मुसळधार पावसातही यंत्र शांत राहते. यंत्र खोटे बोलत नाही असे आपण मानतो. पण ते मुके होऊ शकते.

यापेक्षाही सूक्ष्म मुद्दा घड्याळाचा आहे. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो. हवामानशास्त्रात जगभर ग्रीनिच वेळेनुसार नोंदी होतात आणि तेथील पहाटेचे तीन म्हणजे आपले साडेआठ. आता असे समजा, की श्रावणातल्या एका सकाळी सहापासून अकरापर्यंत सलग पाऊस कोसळला : साडेआठपर्यंत ४० मिलिमीटर आणि त्यानंतर ४० मिलिमीटर. नाल्याला पूर आला, बांध फुटले, माती वाहून गेली. एकूण पाऊस ८०. पण वहीत पहिल्या दिवशी ४० आणि दुसऱ्या दिवशी ४०. अतिवृष्टी कोणत्याच दिवशी नाही! दहा मिनिटांची नोंद ठेवणारे यंत्र हातात असताना चोवीस तासांचा हिशेब कोणत्याही घटकेपासून मांडता येतो. तसा तो मदतीसाठी का मांडू नये, हे या लेखकाला उमगलेले नाही.

मग जागेचा प्रश्न. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, तालुके सोळा आणि महसूल मंडळे शंभराहून अधिक. म्हणजे सव्वाशे-एकशे तीस चौरस किलोमीटरला एक मापक आले. ही घनता कमी नाही. भारतीय मानकांप्रमाणे सपाट प्रदेशात ५२० चौरस किलोमीटरला एक मापक पुरेसे समजतात. त्या मानाने आपण श्रीमंत आहोत. परंतु ते मानक खोऱ्याचा सरासरी पाऊस काढण्यासाठी आहे, अमक्या शेतकऱ्याच्या वावरात तमक्या दिवशी काय झाले हे ठरवण्यासाठी नाही. मापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर सव्वाशे चौरस किलोमीटर हे त्याच्या सहाशे कोटी पटींहून मोठे. एवढ्या मुलुखाची साक्ष एक तोंड देते. आणि आपल्याकडचा वळवाचा किंवा आश्विनातला पाऊस कसा असतो ते सांगायला नको. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते. मंडळाच्या एका टोकाला ढग फुटावा आणि केंद्र दुसऱ्या टोकाला असावे, यात कोणाचीच लबाडी नसते. तरीही सोळा किलोमीटरवरचा आकडा आपल्या बांधावर लागू होतो.

या नियमातील एक उणीव २०२३ साली काही अंशी भरून निघाली. पाऊस एका दिवसात ६५ न पडता आठवडाभर रोज वीस-पंचवीस पडत राहिला तर पीक तितकेच जाते. पण ‘अतिवृष्टी’ होत नाही. म्हणून राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही स्वतंत्र आपत्ती मानण्याचे ठरवले. सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर, ही त्याची मुख्य खूण. बरोबर आणखी काही अटी आहेत. नदीनाल्यांच्या पुराचे नुकसान हा प्रकार वेगळाच मानतात, आणि ते रास्त आहे, कारण पुराचे पाणी बहुधा दुसरीकडे पडलेले असते.

दुसरीकडे पडलेल्या या पाण्याचा हिशेब आता पाहू. आपला जिल्हा दोन नद्यांच्या मिठीत आहे : उत्तर व पूर्व सीमेवर वर्धा, दक्षिण सीमेवर पैनगंगा. वणी तालुक्यात जुगादजवळ त्या एकमेकींना मिळतात. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. वाशीम आणि हिंगोली जिल्ह्यांतले पाणी गोळा करून ती आपल्याकडे येते. पूस, अरुणावती, अडाण या आपल्या नद्या तिला मिळतात. पलीकडून हिंगोलीची कयाधू येते. तेव्हा उमरखेडच्या शेतात शिरलेले पाणी चिखली-मेहकरकडे पडलेले असू शकते. त्या रात्री उमरखेडात चांदणे पडले असले तरी फरक पडत नाही.

नदीतून किती पाणी वाहते हे कसे मोजतात? पुलाच्या खांबावर किंवा काठावर रंगवलेल्या पट्ट्यावर पातळी वाचणे ही पहिली पायरी. पण पातळी म्हणजे पाणी नव्हे. त्यासाठी नदीचा आडवा छेद घेतात, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत ठरावीक अंतरांवर खोली मोजतात. त्या प्रत्येक कप्प्यात वेगमापक सोडतात. त्याच्या वाट्या पाण्याच्या ओढीने फिरतात आणि फेऱ्यांवरून वेग कळतो. वेग खोलीगणिक बदलतो, म्हणून पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवरचा वेग सरासरी म्हणून घेतात. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार, आणि सर्व कप्प्यांची बेरीज, म्हणजे विसर्ग. अशी बरीच मापे झाली की पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो, आणि पुढे पट्टी वाचूनच विसर्ग सांगता येतो. पूर नदीचा तळ खरवडतो किंवा गाळाने भरतो, त्यामुळे हा आलेख पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडतो, तेथे केंद्रीय जल आयोगाचे असे केंद्र आहे. नदीचे अठरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पाणलोट क्षेत्र त्या पुलाच्या वर पसरले आहे. एस.टी.तून आदिलाबादला जाताना नदीकाठची पट्टी दिसली तर तिच्याकडे आदराने पाहावे.

वर्तमानपत्रांत विसर्ग कधी क्युसेकमध्ये येतो, कधी क्युमेकमध्ये, आणि वाचक गोंधळतो. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, हजार लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका क्युमेकमध्ये पस्तीसहून थोडे अधिक क्युसेक बसतात. धरणातला साठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरांत देतात. यांची सांगड घालून पाहिली की आकडे बोलू लागतात. पुसदच्या पूस धरणाचा उपयुक्त साठा ९१.२६ दलघमी, दिग्रसच्या अरुणावतीचा १६९.६७, बाभूळगाव तालुक्यातील बेंबळ्याचा १८३.९४, आणि पैनगंगेवरील इसापूरचा सुमारे ९६४. पहिल्या तिघांची बेरीज दुप्पट केली तरी इसापूरची बरोबरी होत नाही. आता एखाद्या नदीतून १००० क्युमेक विसर्ग एक दिवस चालू राहिला, तर ८६.४ दलघमी पाणी गेले. पूस धरणाचा जवळजवळ पूर्ण साठा चोवीस तासांत गेला म्हणा. ‘एक हजार क्युमेक सोडले’ ही बातमी आपण चहाच्या घोटाबरोबर वाचतो. तिचा अर्थ एवढा आहे.

धरणाचे दरवाजे केव्हा उघडायचे हे मनावर नसते. पावसाळ्यातील ठरावीक तारखांना पाण्याची पातळी किती असावी, याची प्रत्येक मोठ्या धरणाची मंजूर सूची असते. जुलैतच धरण काठोकाठ भरून ठेवले तर ऑगस्टचा पूर सामावायला जागा राहत नाही. रिकामे ठेवले आणि पुढे पाऊस रुसला तर रब्बी गेली, पिण्याचे पाणी गेले, आणि लोक अभियंत्याला दूषण देतात. या कात्रीतून जाण्यासाठी वरच्या खोऱ्यात आत्ता किती पाऊस पडतो आहे, हे वेळेवर कळणे हाच आधार. येथे मोजणीची खरी किंमत कळते. चार तास आधी कळले तर दरवाजे थोडे थोडे उघडता येतात. उशिरा कळले तर एकदम उघडावे लागतात. खालच्या गावाला मात्र दरवाजे का उघडले याच्याशी कर्तव्य नसते. त्याला केव्हा आणि किती हे हवे असते.

जुलै २०२२ मध्ये वणी तालुक्यातील नदीकाठच्या गावांना पुराचा वेढा पडला, तेव्हा हे उघड झाले. वर्धेवर वरच्या बाजूस ऊर्ध्व वर्धा आणि निम्न वर्धा ही धरणे आहेत, तिच्या उपनदीवर बेंबळा, आणि पैनगंगेवर इसापूर. शिवाय संगमाचा एक स्वभाव असतो. वर्धा फुगली की पैनगंगेला तिच्यात शिरता येत नाही. पाणी मागे तुंबते, आणि पैनगंगेचा स्वतःचा पूर मोठा नसला तरी तिच्या काठची गावे बुडतात. म्हणून जुगादच्या आसपासच्या गावाला आपल्या नदीची पातळी कळून भागत नाही. दोन्ही नद्यांची, आणि चार धरणांची, एकाच वेळी कळावी लागते.

मोठ्या नद्यांची ही कथा. पण आपल्या जिल्ह्यात माणसे पुष्कळदा नद्यांत मरत नाहीत, नाल्यांत मरतात. २८ सप्टेंबर २०२१ रोजी नागपूर-नांदेड मार्गावरील एस.टी. बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुलावरून वाहून गेली. पुलावर पाणी होते. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले. सुमारे पंचेचाळीस माणसे अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलावण्याची वेळ आली. अशा नाल्यांवर पट्टी नसते, वेगमापक नसते, पूर्वसूचना नसते. त्यांचे पाणलोट क्षेत्र एवढे लहान असते की पाऊस पडल्यापासून पूर येईपर्यंत तास-दोन तास मिळतात. येथे उपयोगी पडेल ती पुलाच्या कठड्यावर रंगवलेली लाल खूण, आणि वरच्या मंडळातील यंत्राचा दहा मिनिटांचा आकडा, जर तो बसचालकापर्यंत पोचला तर. शहरांपुरती निळ्या व लाल पूररेषांची तरतूद आहे. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तांड्यांपर्यंत त्या रेषा पोचलेल्या नाहीत.

वापराच्या मोजणीविषयी थोडक्यात. कालव्यात पाणी सोडताना ते मोजण्याची सोय मुखाशी असते. शेवटच्या चारीवर पोचेपर्यंत मोजणीची जागा अंदाज घेतो. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी घनमापाने द्यावे असे ठरले. ते जेथे रुजले तेथे टोकाच्या शेतकऱ्यालाही पाणी दिसू लागले.

विहिरींचे प्रकरण अधिक विचार करण्यासारखे आहे. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी राहते ते फटींत आणि कुजलेल्या थरात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर. मे आणि ऑक्टोबर यांतील फरकावरून पावसाने जमिनीत किती भर घातली ते काढतात. आपल्या विहिरीला पाणी तीन मीटरने चढले की आपण हरखून जातो. पण काळ्या पाषाणात उपसता येईल असे पाणी आकारमानाच्या अवघे दोन टक्क्यांच्या आसपास असते. तीन मीटर चढ म्हणजे खरे पाणी सहा सेंटिमीटर, साठ मिलिमीटर. गंमत पाहा : संपूर्ण पावसाळ्याने एका हेक्टराखाली जी पुंजी साठवली, तेवढीच, किंबहुना थोडी जास्त, एका अतिवृष्टीच्या दिवसात त्याच हेक्टरावर कोसळून नाल्याने निघून जाते. आणि ती साठवलेली पुंजी कोण किती उपसतो, याची नोंद कोठेच नाही. शेतीपंपाला पाण्याचे मीटर नसते. वर्षाचा उपसा विहिरींची संख्या आणि पिकांचे क्षेत्र यांवरून अदमासाने काढतात. जमा मोजून लिहायची आणि खर्च अंदाजाने, अशी वही वाण्याने ठेवली तर त्याचे दुकान किती दिवस चालेल?

हे विनोदाने लिहिले तरी २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत. शहराला पाणी देणाऱ्या निळोणा आणि चापडोह या तलावांनी तळ गाठला आणि नळाला आठवडेच्या आठवडे पाणी आले नाही. त्यानंतर बेंबळ्याचे पाणी शहरात आणण्याच्या योजनेकडे सर्वांचे डोळे लागले. बेंबळ्यातून शहराने घेतलेले पाणी बेंबळ्याच्या कालव्यातून वजा होते, हे मात्र दोन वेगवेगळ्या खात्यांच्या दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेले असते.

राहिले सांडपाणी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सप्टेंबर १९७० मध्ये स्थापन झाले, केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा होण्याच्याही चार वर्षे आधी. मंडळ नद्यांचे नमुने साधारणतः महिन्याला घेते. त्यातली मुख्य कसोटी अशी : नमुना सत्तावीस अंश तापमानात तीन दिवस ठेवायचा आणि त्यातील जंतूंनी घाण कुजवताना किती प्राणवायू संपवला ते मोजायचे. लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त संपला तर नदी आजारी. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातील ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी केली; त्यांत महाराष्ट्राचे ५३ होते, सर्व राज्यांत जास्त. मेहकर ते उमरखेड ही पैनगंगा त्यांतलीच एक. तिच्या काठी मोठे कारखाने फारसे नाहीत. गावांचे आणि शहरांचे सांडपाणी मात्र आहे. पूर्वेकडे वणीच्या कोळसा खाणींचा प्रश्न निराळा. उघड्या खाणीत साचलेले पाणी उपसून बाहेर सोडावेच लागते, आणि त्याला मर्यादा आहेत : तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेल व ग्रीस १० पर्यंत, आम्लता ५.५ ते ९ च्या दरम्यान. पण या सर्व कसोट्या ‘लिटरला किती’ अशा आहेत. नदीत एकूण किती घाण गेली हे कळायला त्याला विसर्गाने गुणावे लागते. नमुना एका खात्याकडे आणि विसर्ग दुसऱ्या खात्याकडे! उन्हाळ्यात नदीची धार करंगळीएवढी होते, तेव्हा तेवढेच सांडपाणी विषासारखे होते. श्रावणात तेच पाणी कसोटीला उतरते.

झरी-जामणी, केळापूर, मारेगावकडे विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते माणसाने सोडलेले नाही, खडकातून उतरलेले आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते दातांवर डाग पाडते आणि पुढे हाडे वाकवते. हे पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड असते, म्हणून परीक्षेशिवाय कळत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

एव्हाना वाचकाच्या लक्षात आले असेल, की पाणी एकच असून वह्या अनेक आहेत. पाऊस महसूल व कृषी खात्याच्या वहीत, नदी केंद्रीय जल आयोगाच्या, धरण जलसंपदा विभागाच्या, विहीर भूजल यंत्रणेच्या, घाण प्रदूषण मंडळाच्या, नळ नगरपालिकेच्या. प्रत्येक वही आपापल्या जागी बरी आहे. पण चिखलीत पडलेला थेंब जुगादला पोचेपर्यंत एकाच वहीत कोठेही सापडत नाही.

हा विचार नवा नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात राज्याची पंचवीस उपखोरी पाडून, पाण्याचे नियोजन जिल्ह्याऐवजी खोरे धरून करावे असे मांडले. जगात असे प्रयोग झाले आहेत. न्यूझीलंडने १९८९ मध्ये प्रादेशिक परिषदा स्थापन केल्या, त्यांच्या सीमा मुख्यतः नद्यांच्या पाणलोटांवरून आखल्या, आणि पूर, पाणीवापर व सांडपाणी या तिन्हींची मोजणी त्यांच्याकडे सोपवली. तेथे २०१० च्या नियमाने सेकंदाला पाच लिटर किंवा त्याहून अधिक पाणी उपसण्याचा परवाना असणाऱ्याला ते मोजून कळवणे भाग पडले. उथळ विहिरीवरचा आपला पाच अश्वशक्तीचा पंप साधारण याच घरात पाणी उपसतो! तो देश चिमुकला आणि सुखवस्तू, त्याचे नियम जसेच्या तसे येथे आणले तर शेतकऱ्याच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म येईल, दुसरे काही नाही. पण सीमा नदीवरून आखण्याची कल्पना घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, देशात पहिला. त्यात ‘नदी खोरे अभिकरण’ हा शब्द आला. मात्र ही अभिकरणे म्हणून नेमली गेली ती आधीच असलेली पाच पाटबंधारे विकास महामंडळे. परिणामी पैनगंगेचे खोरे एकाच हाती आले नाही. इसापूर धरण पुसद तालुक्याला लागून, पण त्याचा कारभार मराठवाड्याच्या महामंडळाकडे. पूस, अरुणावती, बेंबळा नागपूरच्या विदर्भ महामंडळाकडे. नदीच्या दक्षिण काठावर पुढे तेलंगण राज्य सुरू होते. पूर आला की या सर्वांचे निरोप जिल्हाधिकारी कार्यालयात येतात, तेथून तहसीलला, तहसीलहून तलाठ्याला, आणि शेवटी कोतवालाच्या दवंडीत किंवा आता मोबाइलवरच्या संदेशात. त्या साखळीतला एक माणूस जेवायला बसला असला तरी तास जातो.

आपल्या हाती काय आहे, असे कोणी विचारील. भूगोल विभागाला एक साधे पर्जन्यमापक घेता येईल. किंमत फारशी नाही. जागा मात्र नीट निवडावी लागेल : सभागृहाची भिंत नको, सायकल स्टँडजवळचे गुलमोहराचे झाड नको. मैदानाचा मोकळा कोपरा बरा. रोज सकाळी बरोबर साडेआठला, सुटीच्या दिवशीही, कोणी तरी तेथे जायला हवे. वसतिगृहातील मुलांनी पाळ्या लावल्या तर ते अवघड नाही. पाऊस नसला तरी शून्य लिहायचे. रिकामी जागा आणि शून्य यांत फार फरक आहे. शेजारच्या रकान्यात त्याच दिवसाचा मंडळाचा सरकारी आकडा लिहावा. तो तहसील कार्यालयात मिळतो. गावोगावहून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दहा-बारांनी आपल्या गावी असेच मापक ठेवले, तर एकाच मंडळात एका दिवशी किती वेगवेगळा पाऊस पडतो, याचा तक्ता पुढच्या वार्षिकांकात छापता येईल. त्यासाठी वही आखून घ्यायची ती एक जूनच्या आत, रोहिणी संपायच्या आधी.